तराजूबाहेरचं जंगल

डीट्रिश ब्रँडिस हत्तीवर बसून पेगूच्या जंगलातून जाई, तेव्हा त्याच्या डाव्या हातात बांबूच्या चार कांबी असत आणि उजव्या हातात चाकू. सागाचं झाड दिसलं की घेराचा अंदाज घ्यायचा आणि त्या घेराच्या कांबीवर एक खाच पाडायची. सहा फूट किंवा त्याहून जास्त घेराची झाडं पहिल्या वर्गात, साडेचार ते सहा फुटांची दुसऱ्यात, दीड ते साडेचार फुटांची तिसऱ्यात, आणि त्याखालची कोवळी झाडं व रोपं चौथ्यात. वही-पेन्सिल त्याने सुरुवातीलाच सोडून दिली होती. ब्रह्मदेशातला पाऊस आणि अंगावर येणारा झाडोरा यांत कागदाचा निभाव लागत नसे, बांबूवरची खाच मात्र भिजली तरी पुसली जात नसे.

ब्रँडिस मूळचा जर्मनीतल्या बॉनचा, वनस्पतिशास्त्राचा अध्यापक. 1852 च्या अखेरीस पेगू प्रांत इंग्रजांच्या हातात आला. जहाजबांधणीला साग हवाच होता, आणि जवळच्या मौलमीनकडच्या सागाची व्यापाऱ्यांनी काय दशा केली ते सगळ्यांनी पाहिलं होतं. 1855 मध्ये गव्हर्नर जनरल डलहौसीने पेगूचा साग सरकारचा, असं ठरवून टाकलं आणि जानेवारी 1856 मध्ये ब्रँडिस या जंगलांचा अधिकारी म्हणून रंगूनला उतरला. तेव्हा तो 31 वर्षांचा होता. त्याच्यापुढचा प्रश्न साधा होता आणि त्याचं उत्तर कुणाजवळही नव्हतं: जंगलात साग आहे किती, आणि दरसाल किती तोडला तर तो संपणार नाही?

सगळं जंगल मोजणं अशक्य. म्हणून त्याने वाटा, डोंगरांच्या धारा आणि ओढ्यांचे काठ धरले. दोन्ही बाजूंना नजर पोचेल तेवढ्या पट्ट्यातले साग मोजायचे, पट्ट्याचं क्षेत्रफळ काढायचं आणि त्यावरून अख्ख्या जंगलाचा हिशेब मांडायचा. दुसऱ्या वर्गातलं झाड पहिल्या वर्गात जायला सुमारे 24 वर्षं लागतात, असं त्याने वाढीवरून काढलं. म्हणून पहिल्या वर्गातल्या झाडांपैकी दर वर्षी चोविसावा हिस्सा तोडावा, तेवढीच झाडं खालून वर येत राहतील. उष्ण कटिबंधातल्या जंगलाचा साठा आकड्यांत बांधण्याचा हा पहिल्या मोठ्या प्रयत्नांपैकी एक. मुंबई इलाख्यात त्याच्याही आधी, 1847 मध्ये, दापोडीच्या सरकारी बागेचा प्रमुख डॉ. अलेक्झांडर गिब्सन वनरक्षक झाला होता आणि कोकणातल्या सागाची काळजी त्यानेही वाहिली होती. पण नमुन्यावरून जंगलाचा अंदाज बांधण्याची शिस्त हिंदुस्थानच्या वनखात्यात शिरली ती ब्रँडिसबरोबर. 1864 मध्ये तो वनखात्याचा पहिला महानिरीक्षक झाला.

त्याच्या चार कांबींवर फक्त साग होता. पिंकाडो, म्हणजे आपल्याकडचा जांभा, त्याच जंगलात दाट उभा होता. त्याच्या खाली बांबू होता, वेली होत्या, झुडपं होती. त्यांची खाच कुठेच नव्हती. याचा दोष ब्रँडिसला देण्यात अर्थ नाही, त्याला विचारलंच होतं सागाबद्दल. पण पुढच्या पावणेदोनशे वर्षांचा इतिहास वाचताना ही गोष्ट मला पुन्हा पुन्हा भेटत राहिली. उष्ण प्रदेशातल्या जंगलाचं वजन करायला जो जो गेला, तो काहीतरी शोधत गेला, आणि त्याच्या शोधात जे बसलं नाही ते तराजूबाहेर राहिलं.

आधी हे वजन करतात कसं ते पाहू, कारण कष्टाची कल्पना आल्याशिवाय पुढचे वाद समजत नाहीत. झाडाचा जैवभार म्हणजे पाणी वगळून त्याच्या खोड, फांद्या, पानं आणि मुळं यांचं एकूण वजन. ते नेमकं जाणून घ्यायचा मार्ग एकच: झाड पाडायचं. पाडण्याआधी छातीच्या उंचीवर, जमिनीपासून 1.3 मीटरवर, घेर मोजायचा. भारतीय वनखात्याची रीत 1.37 मीटरची, म्हणजे जुने साडेचार फूट. सदाहरित जंगलातल्या कित्येक वृक्षांना बुडाशी भिंतींसारखी आधारमुळं असतात, तिथे शिडी लावून त्या भिंतींच्या वर पट्टी धरावी लागते. मग झाड आडवं करून उंची घ्यायची, खोडाचे ओंडके पाडायचे, फांद्या वेगळ्या, डहाळ्या वेगळ्या, पानं वेगळी, आणि एकेक ढीग जागेवरच तोलायचा. प्रत्येक ढिगातले नमुने प्रयोगशाळेतल्या भट्टीत वजन घटायचं थांबेपर्यंत वाळवायचे आणि ओल्या-सुक्याच्या प्रमाणावरून संपूर्ण झाडाचं कोरडं वजन काढायचं. मुळं खणायची तर हे काम कितीतरी पटींनी वाढतं, म्हणून बहुतेकांनी जमिनीवरच्या भागावरच समाधान मानलं. मोठ्या वृक्षाला माणसांची टोळी लागते आणि दिवसचे दिवस जातात.

एवढा खटाटोप लाकडाच्या व्यापाऱ्याला नको होता. त्याला खोडाचे घनफूट पुरत. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात आणि विसाव्याच्या पूर्वार्धात वनखात्यांनी घनफळाची कोष्टकं तयार केली, ती या गरजेतून. संपूर्ण जंगल, पानापाचोळ्यासकट, तोलावं असं प्रथम वाटलं ते शेतीचा विचार करणाऱ्यांना.

बेल्जियमच्या ताब्यातल्या काँगोत यांगांबी इथे मोठं कृषिसंशोधन केंद्र होतं. तिथले शेतकरी जंगलाचा तुकडा तोडत, जाळत, काही हंगाम पीक घेत आणि जमीन परत जंगलाला सोडून देत. आपल्याकडे सह्याद्रीच्या उतारांवर कुमरी शेती चाले, तिचंच हे नातलग. पडीक जमिनीवर जंगल पुन्हा उगवतं तेव्हा ते मातीतून किती नत्र, किती पालाश, किती चुना उचलून स्वतःत साठवतं, आणि जाळल्यावर त्यातलं किती राखेतून पिकाला मिळतं? बार्थोलोम्यू, मेयर आणि लॉडलो यांनी यांगांबीच्या पडीक जंगलांचं मोजमाप 1953 मध्ये प्रसिद्ध केलं. घानातल्या कादे इथे ग्रीनलंड आणि कोवाल यांनी असंच काम केलं, ते 1960 मध्ये छापून आलं. या लोकांनी पानं, वेली, जमिनीवरचं मेलेलं लाकूड आणि मुळंसुद्धा तोलली, कारण राखेला लाकडाची प्रतवारी कळत नाही. झाड कामाचं की बिनकामाचं, हा भेद त्यांच्या हिशेबात नव्हता. सगळ्या इतिहासात मला हा टप्पा सर्वांत न्याय्य वाटतो. जंगलाच्या प्रत्येक भागाला वजन आहे, हे इथे पहिल्यांदा मनापासून मानलं गेलं.

त्यानंतरच्या पानांवर अणूची सावली आहे. प्वेर्तो रिकोच्या लुकियो डोंगरात एल व्हेर्दे नावाचं ठिकाण आहे. 1965 च्या जानेवारीपासून एप्रिलपर्यंत तिथल्या जंगलाच्या मधोमध किरणोत्सारी सीझियम उघडं ठेवून जंगलावर काय परिणाम होतो ते पाहिलं गेलं. हॉवर्ड ओडम यांनी हा प्रयोग मांडला, पैसा अमेरिकेच्या अणुऊर्जा आयोगाचा. या निमित्ताने तिथल्या जंगलाचं वजन, त्यातलं पाणी, त्यातली खनिजं, पानांचं श्वसन, सगळं मोजलं गेलं आणि 1970 मध्ये एका जाडजूड ग्रंथात बांधलं गेलं. पनामाची कथा याहून विलक्षण. तिथल्या कालव्याला पर्याय म्हणून समुद्रसपाटीवरचा नवा कालवा खणायचा आणि तो अणुस्फोटांनी खणायचा, असा बेत अमेरिकेत गंभीरपणे चालला होता. एक संभाव्य मार्ग दारिएनच्या घनदाट जंगलातून जात होता. स्फोटांतून उडालेली किरणोत्सारी धूळ झाडांत किती साठेल, झाडांतून प्राण्यांत आणि शेवटी तिथे राहणाऱ्या कुना आणि चोको लोकांच्या अन्नात किती उतरेल, हे आधी कळायला हवं होतं. त्यासाठी जॉर्जिया विद्यापीठाचे फ्रँक गॉली आणि त्यांचे सहकारी दारिएनमध्ये गेले, जंगलाचे तुकडे तोडले, तोलले, त्यातलं एकेक मूलद्रव्य मोजलं. अणुस्फोटांचा बेत 1970 मध्ये बारगळला. गॉलींची मोजणी 1975 मध्ये पुस्तकरूपाने आली आणि आजही उष्ण प्रदेशातल्या जंगलाच्या अभ्यासकाला तिच्यापाशी यावं लागतं. जे जंगल उडवून देण्याची तयारी चालली होती, त्याच्या पानापानातल्या खनिजांचा हिशेब त्या तयारीमुळेच आपल्या हाती आहे. हे वाचून अंगावर काटा येतो.

याच सुमारास आशियात एक शांत, चिवट काम चाललं होतं. ओसाका शहर विद्यापीठाचे तात्सुओ किरा आणि त्यांचे विद्यार्थी थायलंडच्या जंगलांत उतरले. युद्धातून सावरणाऱ्या जपानमध्ये वनस्पतींच्या उत्पादकतेचा अभ्यास जोमात होता आणि झाडाच्या एका मापावरून दुसरं माप काढण्याच्या गणितात ही मंडळी तरबेज होती. खोडाच्या व्यासाचा वर्ग गुणिले उंची, ही एकच संख्या घेतली तर तिच्यावरून खोडाचं वजन, खोडावरून फांद्यांचं आणि पानांचं वजन चांगलं सांगता येतं, हे ओगावा, योदा, ओगिनो आणि किरा यांनी 1965 मध्ये थायलंडच्या आकड्यांनी दाखवलं. थोडी झाडं पाडा, सूत्र बसवा आणि बाकीची झाडं उभीच ठेवून त्यांची फक्त मापं घ्या. नंतर मलेशियातल्या पासोहच्या जंगलात, आंतरराष्ट्रीय जीवशास्त्रीय कार्यक्रमात, मलेशियन आणि ब्रिटिश शास्त्रज्ञांबरोबर जपान्यांनी जंगलाचा एक पट्टा पूर्ण साफ करून तोलला. कातो, तादाकी आणि ओगावा यांचा तो अहवाल 1978 मध्ये आला.

1978 हेच साल दुसऱ्या एका कारणाने महत्त्वाचं ठरलं. हवाईतल्या मौना लोआवर चार्ल्स कीलिंग 1958 पासून हवेतला कार्बन डायऑक्साइड मोजत होते आणि त्यांचा आलेख वर वर चालला होता. कोळसा आणि तेल जाळून किती वायू बाहेर पडतो ते माहीत होतं. पण जंगलं तुटतात, त्यातून किती बाहेर पडतो? जॉर्ज वुडवेल आणि सहकाऱ्यांनी 1978 च्या जानेवारीत ‘सायन्स’ या साप्ताहिकात लिहिलं की जमिनीवरच्या जिवंत सृष्टीतून, मुख्यतः उष्ण प्रदेशातली जंगलं तोडल्यामुळे, सुटणारा कार्बन जीवाश्म इंधनांच्या बरोबरीचाही असू शकेल. समुद्राचा अभ्यास करणारे चक्रावले. एवढा कार्बन सुटत असेल तर तो जातोय कुठे? हवेत तेवढा दिसत नाही, समुद्रात तेवढा मावत नाही.

कोरड्या लाकडाचं साधारण अर्धं वजन कार्बनचं असतं. त्यामुळे हा सगळा वाद अखेर एका प्रश्नावर येऊन ठेपला: उष्ण प्रदेशातल्या एक हेक्टर जंगलाचं वजन किती? व्हिटेकर आणि लाइकन्स यांच्या सर्वत्र वापरल्या जाणाऱ्या कोष्टकात वर्षावनासाठी चौरस मीटरला 45 किलो, म्हणजे हेक्टरी 450 टन असा आकडा होता.

इथे सँड्रा ब्राउन आणि एरियल लुगो यांचा प्रवेश होतो. लुगो प्वेर्तो रिकोचे, ओडम यांचे विद्यार्थी. ब्राउन यांनी पुढची जवळजवळ सगळी हयात या एकाच प्रश्नाला दिली. दोघांनी असा विचार केला की जीवशास्त्रज्ञांनी तोललेले तुकडे अगदी थोडे आहेत, सगळे मिळून काही हेक्टर, आणि ते निवडताना प्रत्येकाने देखणं, उंच, अखंड जंगलच निवडलं असणार. मन लागतं तिथेच माणूस तंबू ठोकतो. उलट लाकडाच्या शोधात सरकारांनी केलेल्या वनगणनांमध्ये कोट्यवधी हेक्टर जंगल येतं, चांगलंही आणि विरळही. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेने 1981 मध्ये अशा गणना एकत्र करून देशोदेशीच्या जंगलांचं क्षेत्र आणि लाकडाचं घनफळ छापलं होतं. ब्राउन आणि लुगो यांनी ते घनफळ घेतलं, लाकडाच्या घनतेने त्याचं वजन केलं, फांद्या-पानं-मुळं यांच्यासाठी वाढीव गुणक लावला आणि 1984 मध्ये ‘सायन्स’मध्ये निष्कर्ष मांडला. न तोडलेल्या दाट जंगलांसाठी हेक्टरी 176 टन, उघड्या विरळ जंगलांसाठी 61 टन, आणि उष्ण प्रदेशातल्या सर्व जंगलांचं मिळून 205 अब्ज टन. आधीच्या आकड्यांच्या मानाने हे फारच कमी होतं. जंगलं इतकी हलकी असतील तर ती तोडून सुटणारा कार्बनही तितकाच कमी.

मोठी खळबळ उडाली. ब्राझीलच्या मनाउस शहरात राहून ॲमेझॉनचा अभ्यास करणारे फिलिप फर्नसाइड आणि इतर काहींनी हा आकडा फार खाली असल्याचं ठामपणे मांडलं. त्यांच्या म्हणण्यात तथ्य होतं. लाकडासाठी केलेल्या गणनेत लाकूडच मोजलेलं असतं. ठरावीक व्यासाखालची झाडं गाळलेली, पोकळ आणि वाकडी खोडं गाळलेली, बाजारात न खपणाऱ्या जाती कधी मोजलेल्या तर कधी नाही. ब्रँडिसच्या कांबींवर जे नव्हतं, ते सव्वाशे वर्षांनंतरच्या गणनेतही नव्हतं. वाढीव गुणकाने ते अंदाजाने भरून काढायचं होतं. त्याच वेळी ब्राउन आणि लुगो यांचा मूळ मुद्दाही खरा होता, की देखण्या जंगलांवरून सगळ्या जंगलांचं अनुमान काढणं चूक आहे. माझ्या मते या वादात मोठेपणा दिसला तो ब्राउन यांच्या पुढच्या वागण्यात. आपला आकडा राखत बसण्याऐवजी त्या वर्षानुवर्षं पद्धत दुरुस्त करत राहिल्या. 1989 मध्ये गिलेस्पी आणि लुगो यांच्यासह त्यांनी नवी सूत्रं दिली, गाळलेल्या बारीक झाडांसाठी स्वतंत्र सुधारणा दिली, आणि नव्या हिशेबात जंगलं पूर्वीपेक्षा जड निघाली. 1997 मध्ये त्यांनी अन्न व कृषी संघटनेसाठी एक छोटी पुस्तिका लिहिली. हातात मोजपट्टी असलेल्या कुणाही वनरक्षकाला जंगलाचं वजन काढता यावं, हा तिचा हेतू. उष्ण प्रदेशातल्या देशांमध्ये ती पुस्तिका फार वापरली गेली. ब्राउन 2017 मध्ये वारल्या.

त्या पुस्तिकेतली दोन सूत्रं शेजारी ठेवून पाहण्यासारखी आहेत. दमट जंगलाच्या सूत्रात छातीउंचीचा व्यास 30 सेंटीमीटर घातला की झाडाचं वजन सुमारे 776 किलो येतं. कोरड्या जंगलाच्या सूत्रात तोच व्यास घातला की सुमारे 363 किलो. पहिलं सूत्र 170 झाडांवरून बसवलेलं. दुसरं सूत्र 28 झाडांवरून बसवलेलं, आणि ती झाडं भारतातल्या कोरड्या जंगलातली होती, व्यास 5 ते 40 सेंटीमीटरच्या दरम्यान. आफ्रिकेत, लॅटिन अमेरिकेत, आपल्या विदर्भात कुणी कोरड्या जंगलाचा कार्बन काढला असेल तर त्या 28 भारतीय झाडांचा हात त्यात असण्याची शक्यता मोठी. ज्या कुणी ती पाडून, फोडून, वाळवून तोलली, त्यांच्या घामाचं मोल केवढं!

पुढे तुलूझचे जेरोम शाव्ह यांनी जगभर विखुरलेल्या अशा मोजण्यांच्या वह्या गोळा करण्याचं काम हाती घेतलं. 2005 मध्ये त्यांच्या गटाने 27 ठिकाणच्या 2,410 पाडलेल्या झाडांवरून सूत्रं प्रसिद्ध केली. त्यात आफ्रिकेतलं एकही झाड नव्हतं. काँगोचं जंगल ॲमेझॉनच्या आणि आशियाच्या झाडांवरून तोललं जात होतं. 2014 मध्ये ती उणीव भरून निघाली, 58 ठिकाणची 4,004 झाडं झाली. या सूत्राला तीन गोष्टी लागतात: व्यास, उंची आणि लाकडाची घनता. घनतेने केवढा फरक पडतो ते करून पाहावं. 30 सेंटीमीटर व्यासाचं, 20 मीटर उंचीचं झाड घ्या. लाकूड सावरीसारखं हलकं असेल, पाण्याच्या तिसऱ्या हिश्शाइतकं, तर वजन सुमारे 325 किलो. तेच खैरासारखं जड असेल तर सुमारे 845 किलो. म्हणजे जंगलातली झाडं ओळखणारा माणूस बरोबर नसेल तर मोजपट्टी आंधळी. अवघ्या पृथ्वीच्या उष्ण पट्ट्यासाठी 4,004 झाडं थोडीच आहेत, त्यातही अजस्र वृक्ष अगदी मोजके, आणि जंगलाच्या वजनाचा फार मोठा वाटा तर त्यांच्यातच असतो. तरी आज जगात कुठेही वर्षावनाच्या कार्बनचा आकडा वाचनात आला तर त्याच्या मुळाशी बहुधा ही झाडं असतात.

आपल्याकडे याच काळात काय चाललं होतं? 1965 मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या मदतीने वनसंपत्तीची गुंतवणूकपूर्व पाहणी सुरू झाली. नावातच हेतू आहे: कारखाने कुठे काढता येतील ते पाहायचं. 1 जून 1981 रोजी तिचं रूपांतर भारतीय वन सर्वेक्षण या संस्थेत झालं. एक दशांश हेक्टरचे चौरस आखायचे आणि त्यातली 10 सेंटीमीटर व्यासाची व त्यापुढची झाडं मोजायची, ही तिची तेव्हाची पद्धत.

अंदाज चुकला की काय होतं, हे कारवारच्या बाजूच्या बांबूने दाखवलं. दांडेलीच्या कागद गिरणीला सरकारने नाममात्र दराने बांबू देऊ केला होता, जंगलात तो अमाप आहे या समजुतीवर. सत्तरच्या दशकाच्या मध्याला बांबू संपत चालल्याची ओरड झाली. दोष गावकऱ्यांच्या गुरांना दिला जाई. पुण्याचे माधव गाडगीळ तेव्हा बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत होते. त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जंगलात जाऊन बेटं मोजली, तेव्हा कागदावरचा साठा प्रत्यक्षाहून कितीतरी फुगवलेला असल्याचं निघालं. आणखी एक गोष्ट गावकऱ्यांकडून कळली. बेटाच्या बुडाशी काटेरी डहाळ्यांचं जाळं असतं. कोंबांच्या वाढीला त्याची अडचण होते असं समजून वनखातं ते साफ करून घेत असे. ते काटे गेले आणि नवे कोवळे कोंब गुरांच्या आणि वन्य प्राण्यांच्या तोंडी लागले. गावातली माणसं हे जाणत होती. त्यांना विचारावं असं साठा मोजणाऱ्यांना वाटलं नव्हतं.

बांबूची ही गत, मग झुडपांचं काय? सह्याद्रीच्या उतारांवर कारवी माजते तेव्हा खालची माती दिसत नाही. कोकणात आणि मावळात पिढ्यान् पिढ्या कारवीचे कूड विणून, शेणमातीने लिंपून घरं उभी राहिली. पण तिचं खोड 10 सेंटीमीटरपर्यंत कधीच जात नाही, म्हणून वृक्षगणनेत ती शून्य. करवंद, दिंडा, धायटी, निरगुडी, सगळी शून्य. एकाच बुडातून दहा-वीस फोक निघतात, छातीच्या उंचीवर मोजायला एक खोडच नसतं. झुडपांसाठी रीतच वेगळी लागते: बुंध्याशी जमिनीलगत व्यास, पसाऱ्याचा आडवा आणि उभा विस्तार, उंची, फोकांची संख्या, आणि प्रत्येक जातीचं वेगळं सूत्र. घाणेरीने भारतातल्या केवढ्या तरी जंगलांचा तळ व्यापला आहे. तिचं वजन न करता जंगलाचं वजन केल्याचं म्हणणं मला पटत नाही.

भारतीय वन सर्वेक्षणाने ही उणीव ओळखली, याचं श्रेय त्यांना द्यायला हवं. हवामान बदलाच्या आंतरराष्ट्रीय कराराला द्यायच्या अहवालासाठी 2008 पासून त्यांनी राहून गेलेल्या घटकांची देशभर मोजणी केली: बारीक झाडं, फांद्या, पानं, मेलेलं लाकूड, झुडपं, गवत-तण. 3 मीटर बाय 3 मीटरच्या चौरसातली झुडपं उपटून तोलायची, 1 मीटरच्या चौरसातलं तण तोलायचं. ब्रँडिसनंतर दीडशे वर्षांनी झुडपाला सरकारी तराजूत जागा मिळाली.

आता तराजू आकाशात गेला आहे. डिसेंबर 2018 मध्ये आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकावर पोचवलेलं जेडाय (GEDI) हे उपकरण लेसरचे झोत सोडून झाडांची उंची मोजतं. 29 एप्रिल 2025 रोजी युरोपने फ्रेंच गयानातल्या कुरूहून ‘बायोमास’ नावाचाच उपग्रह सोडला. त्याच्या रडार लहरी जवळजवळ 70 सेंटीमीटर लांबीच्या आहेत. त्या पानांतून आरपार जातात आणि जाड खोडांवरून परत फिरतात. दाट वर्षावनांसाठी तो उत्तम. बारीक फोकांची कारवी त्याला दिसणार नाही.

त्यानंतर 30 जुलै 2025 रोजी श्रीहरिकोटाहून निसार उडाला, इस्रो आणि नासा यांचा संयुक्त उपग्रह. त्याच्या मुख्य रडारची लहर सुमारे 24 सेंटीमीटरची, शिवाय इस्रोची आखूड लहर वेगळी. जैवभाराच्या बाबतीत निसारचं उद्दिष्ट हेक्टरी सुमारे 100 टनांपर्यंतच्या वनस्पतीचं आहे. त्यापुढे त्याच्या लहरींना जड आणि अतिजड यांतला फरक कळेनासा होतो. 100 टनांखालची जंगलं म्हणजे कोरडी, विरळ, झुडपी जंगलं, मराठवाड्याच्या आणि पश्चिम महाराष्ट्राच्या माळांवर आहेत तशी. आजवर ज्यांच्याकडे लाकूड नाही म्हणून कुणी पाहिलं नाही, त्यांच्यावरून आता हा उपग्रह बारा-बारा दिवसांनी जातो.

पण आकाशातून येते ती लहर, टन येत नाहीत. लहरीचे टन करायला जमिनीवर तोललेली झाडंझुडपं लागतात, आणि आपल्या माळावरच्या झुडपांची सूत्रं अजून बोटांवर मोजण्याइतकीच आहेत. हे काम महाराष्ट्रातली वनस्पतिशास्त्राची महाविद्यालयं करू शकतील. लागतं ते कोयता, तराजू, भट्टी, झुडूप ओळखणारा गावातला माणूस, आणि धीर. कारवीच्या बाबतीत तर जीव घेतल्याची खंतही नाही: सात-आठ वर्षांनी ती एकदाच फुलते, बी धरते आणि सगळीच्या सगळी वाळून जाते. त्या वर्षी गावकरी ती कुडासाठी आणि सरपणासाठी तोडतातच. मोळी बांधण्याआधी बुंध्याचा व्यास आणि फोकाची उंची घेतली आणि मोळी तोलली, तर एका हंगामात कारवीचं सूत्र हाताशी येईल.